कोको रुजला, बाल्सा का नाही?

बीजवेडी: हीट मॅटवर रात्रंदिवस २८ अंश ठेवून कोको आणि बाल्सा पेरले. कोको लगेच वर आला. बाल्साच्या बिया मात्र अजून जशाच्या तशा, टणक. दोन्ही वर्षावनातलीच झाडं ना? मग ऊब कमी पडतेय का? आणि उरलेलं कोकोचं बी फ्रिजमध्ये ठेवू का?

कुंडीवाला: फ्रिज अजिबात नको! गारठ्याने कोकोचं बी मरतं आणि वाळवलं तरी मरतं. ओलसर भुशात ठेवा, लवकर पेरून टाका.

रानरोप: ऊब पुरेशी आहे. दोन्ही झाडं वर्षावनातली असली तरी त्यांची रीत अगदी निराळी. कोको सावलीत वाढणारा. त्याच्या बीला थांबणं माहीतच नाही. ओल आणि ऊब मिळाली की निघालं. बाल्साला भरपूर ऊन लागतं. गर्द झाडीखाली रुजला तर रोप उपाशी मरेल, म्हणून बी मातीत वाट बघत पडून राहतं.

एखादा मोठा वृक्ष कोसळला की तिथली माती दुपारी चांगलीच तापते आणि रात्री निवते. झाडीखाली हा फरक जेमतेम काही अंशांचा असतो. पुरलेल्या बीला वर मोकळं झालंय हे कळतं ते अशा तापण्या-निवण्यातून. मेक्सिकोतल्या लॉस तुश्तलासच्या जंगलात हेलिओकार्पस या झाडावर हे नीट अभ्यासलं गेलंय. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती बीच्या आकाराची. अगदी बारीक बिया प्रकाशावर रुजतात, कारण खोलवरून वर येण्याइतका साठाच त्यांच्यात नसतो. प्रकाश मातीत काही मिलिमीटरच शिरतो, पण तापमानातला चढउतार त्याहून खोल पोचतो. म्हणून थोड्या मोठ्या बिया त्याच्यावर विसंबतात.

बीजवेडी: म्हणजे रात्री मॅट बंद करू?

रानरोप: बाल्साची करा, कोकोची राहू द्या. पण आधी बाल्साचं कवच उकलायला हवं, नाहीतर पाणी आत शिरणारच नाही. उकळून उतरवलेलं पाणी बियांवर ओता आणि रात्रभर त्यातच गार होऊ द्या. सकाळी फुगलेल्या बिया तेवढ्या पेरा. उरलेल्यांना पुन्हा एकदा गरम पाणी दाखवा.