मदत हवी आहे: भरलेल्या मोठ्या रंगीत कुकीज मधे कच्च्या राहतात

बिनअंड्याच्या, १२० ग्रॅमच्या जाड कुकीज ओटीजीत (वर-खाली तापणारे रॉड असलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) करतेय. आत चॉकलेट स्प्रेडचा गोळा, फ्रीझरमध्ये घट्ट केलेला. १८० डिग्रीला कडा करपायला लागतात तरी मधलं पीठ ओलंच. १६० ला ठेवल्या तर पसरून पापड, आणि तळातून स्प्रेड बाहेर! भरलेले गोळे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून पाहिले, ब्राऊन शुगरऐवजी पांढरी साखर घातली. प्रीहीट नीट होतं, थर्मामीटरने तपासलंय. जेलचा लाल खाद्यरंग टिकतो, गुलाबी आणि पिस्ता मात्र मळकट होतात. अंडं चालणार नाही, ओटीजीला पंखा नाही आणि आकार लहान करायचा नाही (लेकीची अटच आहे). मग वरचा रॉड बंद ठेवून भाजायच्या, की दोन्ही चालू ठेवून वरून फॉइल झाकायची? झाकायची तर साधारण किती मिनिटांनी?