३०० फोटोंचा एक फोटो: याला फोटो म्हणायचं का?

गच्चीकर, भुसावळ
मृगातल्या बाणाखालचा तेजोमेघ, एम ४२, परवा ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं, "हा फोटो नाही, कॉम्प्युटरची करामत." २०० मिमी लेन्स, साधा ट्रायपॉड, एकेका सेकंदाचे ३०० फोटो, सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केलेले, म्हणजे तारे जुळवून एकावर एक रचलेले. सुटा फोटो बघितला तर रवा सांडल्यासारखा. स्टॅक केल्यावर पंख पसरलेला पक्षी. यात फसवाफसवी कुठे आली?

केळीबाग, रावेर
मी त्या उत्तर देणाऱ्याच्या बाजूचा. फोटो म्हणजे एक क्षण. ३०० क्षणांची मिसळ म्हणजे चित्र. रेल्वे यार्डाच्या उजेडात बसून सॉफ्टवेअरला राबवण्यापेक्षा सातपुड्यातल्या काळोख्या तोरणमाळला जा. तिथे एकाच फोटोत जे येतं ते खरं.

गच्चीकर
भाऊ, तोरणमाळलाही पृथ्वी फिरतेच ना! आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ४ विकलांचा. म्हणजे सेकंदभरात तारा जवळपास पावणेचार पिक्सेल ओघळला. कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारा ट्रॅकर नसेल तर जास्त वेळ उघडं ठेवताच येत नाही. मग प्रकाश साठवायचा कसा? तारे जुळवले की तेजोमेघ दर फोटोत त्याच जागी येतो, नॉईज, म्हणजे तो सांडलेला रवा, दर वेळी दुसरीकडे. सरासरीत तोच मरतो. १०० फोटोंना दहापट, ३०० ना सतरापट स्वच्छ. जे आकाशात नाही ते यातून येत नाही.

ढगाळ धुळेकर
मी स्टॅकवालाच, पण "स्टॅक केलं की शार्प होतं" हे ऐकलं की डोकं फिरतं. फोकस चुकलेले ३०० फोटो मिळून एक स्वच्छ, धूसर फोटो होतो, बस.
दुसरं, डार्क फ्रेम: झाकण लावून काढलेले काळे फोटो, सेन्सरचे ठिपके वजा करायला. मार्चमध्ये गच्चीवर रात्रीही गरम होतं, सेन्सर तापतो. मी आळसाने डार्क दुसऱ्या दिवशी कूलरसमोर घेतले, झाकण लावून. तापमान जुळलं नाही. तारे जुळवताना उरलेले लाल ठिपके तिरके ओढले गेले, फोटोभर मुंग्यांची रांग! आता शूटिंग संपलं की तिथेच, त्याच एक्स्पोजरला, त्याच आयएसओला २०-२५ डार्क काढतो.

केळीबाग
नॉईजचं पटलं. पण यार्डाच्या उजेडाचं काय? तो तर दर फोटोत असतोच, सरासरीत मरत नाही.

गच्चीकर
ते तुमनं बराबर शे. तो नंतर वजा करावा लागतो, त्याचा नॉईज तरी मागे उरतोच. तोरणमाळला याच्यापेक्षा कितीतरी कमी फोटोंत काम होईल.

केळीबाग
मग चला अमावस्येला. गाडी माझी. स्टॅक करा, पण सुटा फोटोही शेजारी टाकायचा.