मदत हवी आहे : वस्तीतल्याच बायकांना समुपदेशन शिकवायचंय (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि इथे बाणगंगा भागात एका बचत गटाबरोबर काम करते. गटातल्या काही जणी कित्येक महिने उदास आहेत. झोप नाही, कशात मन नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की 'मी काय वेडी आहे का?'

गोव्यात 'संगत' संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी ६ ते ८ भेटींचं समुपदेशन दिलं. त्याचा उपयोग झाल्याचं २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. माणसाला रोजच्या, बरं वाटणाऱ्या कामांकडे हळूहळू परत आणायचं, हा त्याचा गाभा. झिम्बाब्वेत तर दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आज्या समुपदेशन करतात. मला हा मार्ग मनापासून पटतो, कारण आपल्याकडे तज्ज्ञ वस्तीपर्यंत पोचतच नाहीत.

शिकवणं जमेल. काळजी आहे ती गुप्ततेची. समुपदेशन करणारी शेजारीण, पाणी भरायला दोघी एकाच नळावर, आणि नवऱ्याच्या दारूची गोष्ट सासूच्या कानावर गेली तर त्या बाईचं घरात काय होईल? दुसऱ्या गल्लीतली बाई नेमली तर तिला कुणी घरात घेईल का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

शिवाय दर आठवड्याला समुपदेशन करणाऱ्या बायकांच्या अडचणी ऐकून मार्गदर्शन करील असं कुणी अनुभवी हवंय, हिंदीतून, फोनवर चालेल. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या बाईला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तर देऊच, पण सोबत जाता येईल असे इंदुरातले मानसोपचारतज्ज्ञही सुचवा.