सात दिवसांत अकरा मिनिटं : क्रूझवर ड्रोन न्यायचा कशाला?

रिकामटेकडा
नुकतीच भूमध्य समुद्रातली सात दिवसांची क्रूझ करून आलो. सोबत ड्रोन होता, घडी घातली की तळहातावर मावणारा, २४९ ग्रॅमचा. सात दिवसांत तो हवेत होता अकरा मिनिटं. बाकी वेळ तो जहाजाच्या सिक्युरिटीच्या कपाटात आणि मी रांगेत.

माझं मत सरळ आहे : क्रूझवर ड्रोन नेऊ नये. जहाजावरून उडवता येणार नाही हे माहीत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. बंदरात उतरून उडवू असा हिशेब होता. आमच्या जहाजावरची पद्धत अशी की चढताना ड्रोन जमा करायचा, बंदर आलं की पावती दाखवून, सही करून सोडवायचा, परतताना पुन्हा जमा. लोक केव्हाच उतरून गेलेले असायचे आणि मी काउंटरपाशी ताटकळत.

पाच बंदरं होती. एक मोरोक्कोतलं. तिथे परवान्याशिवाय ड्रोन देशात आणताच येत नाही, कस्टम्सवाले काढून घेतात, म्हणून त्या दिवशी तो कपाटातच राहिला. दोन बंदरं विमानतळाला इतकी जवळ की ड्रोनचा नकाशा सगळा लाल, म्हणजे उडवायला बंदी. चौथ्या ठिकाणी वारा. पाचव्या ठिकाणी टॅक्सी करून चाळीस मिनिटांवरचा कडा गाठला, तेव्हा ती अकरा मिनिटं मिळाली. त्यातही अर्धा जीव घड्याळात, कारण जहाज आपल्यासाठी थांबत नाही. बायको तेवढ्या वेळात खाली समुद्रात डुंबून आली. सुट्टी तिची झाली, माझी ड्यूटी झाली.

बोला.

चिमणी२४९
दोष ड्रोनचा नाही, गृहपाठाचा आहे. मोरोक्कोतली बंदी २०१५ पासूनची आहे, काल रात्री लागलेली नाही. विमानतळाजवळचे पट्टेही त्या त्या देशाच्या नकाशावर आधीच दिसतात. निघण्यापूर्वी तासभर बसला असतात तर पाचातली तीन बंदरं घरीच खोडली असती आणि उरलेल्या दोन ठिकाणी चालत जाण्याजोगी जागा हेरून ठेवली असती.

मी तीनदा नेलाय. नॉर्वेत जहाज फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, पार आत जाऊन थांबतं. अर्धा तास डोंगर चढायचा, ड्रोन सोडायचा. दोन्हीकडे हजार मीटरचे कडे, मधे हिरवट पाणी. ते दृश्य दुसऱ्या कशाने मिळणार, सांगा. शिवाय २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे नोंदणीचीही कटकट नाही.

कडूलिंब
हे शेवटचं वाक्य वाचून उद्या कोणीतरी दंड भरेल. अमेरिकेत निव्वळ हौसेसाठी उडवणार असाल तर २५० ग्रॅमखाली नोंदणी लागत नाही, खरं आहे. युरोपीय संघाचे नियम ३१ डिसेंबर २०२० पासून वेगळे आहेत आणि नॉर्वेही तेच पाळतो. ड्रोनला कॅमेरा असला आणि तो खेळणं या वर्गात मोडत नसला, तर वजन कितीही कमी असो, चालवणाऱ्याची नोंदणी करावीच लागते. तो क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा. वजन बघून सूट मिळेल असं गृहीत धरणाऱ्यांनीच या छंदाला बदनाम केलंय.

चिमणी२४९
ती चूक कबूल. माझा क्रमांक चिकटवलेला आहे, लिहिताना अमेरिकेतलं डोक्यात होतं. पण नोंदणी ऑनलाइन होते हो, त्यासाठी ड्रोन घरी ठेवायचं कारण नाही.

हौशी_गवशी
तुम्ही लोक फारच सरळमार्गी. बंदरं, कडे, टॅक्सी कशाला? जिथे ड्रोन जमा करून घेत नाहीत अशी जहाजंही असतात. पहाटे पाचला बाल्कनीतून सोडायचा, सूर्योदय घ्यायचा, दहा मिनिटांत परत. कोणाला पत्ता लागतोय?

गलबत
जहाजांवर इंजिनरूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जहाज २० नॉट्सने चाललंय असं धरा. ताशी ३७ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वादहा मीटर. बाल्कनीत आहे तोवर ड्रोन खालची फरशी बघून स्थिर राहतो. कठड्याबाहेर गेला की खाली पाणी. हलत्या पाण्यावर त्याच्या पोटातल्या कॅमेऱ्यांना धरायला काही सापडत नाही, मग तो जीपीएस धरतो. आणि जीपीएसच्या लेखी स्थिर म्हणजे पृथ्वीवर स्थिर. ड्रोन जागच्या जागी, जहाज पुढे. अर्धा आत अर्धा बाहेर असताना हे झालं तर दोन बाल्कन्यांमधलं पार्टिशनच येऊन त्याला धडकणार. तुकडे कुठे पडतील? मागच्या बाल्कनीत कोण बसलंय त्याच्या अंगावर.

समजा सुटला. मग शांत हवेतही नुसतं जहाजाच्या बरोबरीने राहायला सव्वादहा मीटरचा वारा कापायचा. या वजनाच्या बऱ्याच ड्रोनच्या पुस्तिकेत झेपणारा वारा सेकंदाला १०.७ मीटर लिहिलेला असतो. समोरून झुळूक आली की संपलं.

आता होम पॉइंट. उडाला त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने लक्षात ठेवलेले असतात. दहा मिनिटांनी सिग्नल तुटला की तो इमानेइतबारे घरी जातो. घर सहा किलोमीटर मागे राहिलं, तिथे आता नुसता समुद्र. तो तिथे अगदी अलगद उतरेल. होम पॉइंट हलवता येतो, पण तुम्ही किती वेळा हलवणार? जहाज तर थांबत नाहीये. वर पोलादाच्या एवढ्या मोठ्या ढिगाजवळ त्याचं होकायंत्र बावचळतं ते वेगळंच.

राहिला पत्ता लागायचा प्रश्न. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, चोवीस तास माणूस जागा असतो, आणि जहाजाच्या बाजूंवर कॅमेरे असतात.

हौशी_गवशी
बरं बाबा, नाही सोडत. गंमत केली.

बाराखडी
गंमत नाही. मी बाल्कनीची केबिन जास्तीचे पैसे मोजून घेते ती कोणी बघू नये म्हणून. समोर फक्त समुद्र आहे म्हणून माणूस तिथे गाऊनवर बसतो, केस सुकवतो. तिथे चार पंख्यांचा डोळा येऊन घोंघावला तर मी चप्पल फेकून मारीन, नियम गेले खड्ड्यात.

आणि मुद्दा फक्त जहाजापुरता नाही. बंदर आलं की हजारो माणसं एकदम एका छोट्या गावात उतरतात. त्यातल्या दहा जणांनी जरी ड्रोन काढले तरी त्या गावाने काय करायचं? चिमणी, तुमच्या फ्योर्डमध्ये शांतता आहे ती तुमच्यासारखे फार जण नाहीत म्हणून.

चिमणी२४९
हा मुद्दा लागला. तरी विचारतो, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावत फिरणारे शंभर जण त्याच गावात उतरतात, त्यांना कोणी काउंटरवर जमा करायला सांगतं का? सुक्याबरोबर ओलंही जळतंय. जबाबदारीने उडवणाऱ्यांना वाट ठेवा एवढंच म्हणणं आहे. जहाजाने सांभाळून ठेवायचा, बंदरात परत द्यायचा, ही रिकामटेकडांच्या जहाजाची पद्धत मला उलट आदर्श वाटते. काही कंपन्या चढताना घेतात ते थेट शेवटच्या दिवशीच देतात.

कडूलिंब
वाट काही ठिकाणी असूच नये. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ मध्येच ड्रोनला बंदी घातली. अलास्काच्या क्रूझ ज्यासाठी प्रसिद्ध आहेत तो ग्लेशियर बे त्यातच येतो. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या सहल कंपन्यांच्या संघटनेनेही किनाऱ्यालगत हौशी उड्डाणं बंद केली आहेत. तिथे तुमच्या जबाबदारीचं प्रमाणपत्र पेंग्विन तपासणार नाहीत. अंडी उबवणारा पक्षी डोक्यावर घरघर आली की उठतो, आणि तेवढ्यात दुसरा पक्षी अंडं पळवतो.

चिमणी२४९
पेंग्विनांबद्दल वाद नाही. अंटार्क्टिकाला मी दुर्बीणच नेईन.

गलबत
एक राहिलं. जे नेणारच आहेत त्यांनी बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायच्या. आणि केबिनमध्ये चार्जिंगला लावून जेवायला जाऊ नका. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, आम्हीच असतो.

रिकामटेकडा
गृहपाठ कच्चा होता, मान्य. पण चिमणी, तुमच्या पद्धतीने सुट्टीआधी तासभर नकाशे, सुट्टीत रोज दोनदा रांग, वर डोंगर चढणं, हे सगळं एका दृश्यासाठी. डेकवर उभं राहिलं की मी आधीच दहा-बारा मजले उंच असतो, आणि तो डेक स्वतःच पुढे सरकत असतो. जहाज हाच एक भलामोठा ड्रोन आहे की! तोही न लपवता उडवता येतो, मधे जेवायला जाता येतं. दुसरा कशाला?

चिमणी२४९
त्या ड्रोनवरून सगळं दिसतं, एक जहाज सोडून. असो. त्या अकरा मिनिटांचा व्हिडिओ टाका ना इथे. आम्हालाही ठरवू दे, रांग वाया गेली की नाही.

रिकामटेकडा
टाकतो. सुरुवातीची दोन मिनिटं पुढे ढकला, कॅमेरा खाली वळलेला होता आणि दिसतंय ते माझं टक्कल आहे. शेवटी एक ठिपका पाण्यात हात हलवतोय, ती बायको. तिने तेवढाच तुकडा कापून स्वतःच्या मोबाइलवर घेतलाय आणि येईल त्याला दाखवत सुटली आहे.