सिंधूचा चांगुलपणा कोणाच्या कामी आला?

तिसरी घंटा
आमच्या हौशी मंडळात सध्या 'एकच प्याला'ची तालीम चालू आहे. मी प्रॉम्प्टर. नट अडला तरच माझं काम, एरवी विंगेत बसून विचार करायला मोकळा.

परवा शेवटच्या अंकाची तालीम होती. नाटक माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: हुशार पण मानी वकील सुधाकर. कोर्टातल्या खटक्यात सनद काही काळ रद्द होते, ते दुःख विसरायला कारकून तळीराम पहिला प्याला हातात देतो आणि घर धुळीला मिळतं. नशेतल्या मारहाणीत तान्हं मूल जातं, सिंधू मरणाच्या दारात. फौजदार जबाब घ्यायला येतो तेव्हा ती नवऱ्याचं नाव घेत नाही. आमची सिंधू, कॉलेजातली मुलगी, इथे वही मिटून बसली. म्हणाली, "काका, ही खोटं का बोलतेय?" दिग्दर्शक म्हणाले, "गडकऱ्यांनी लिहिलंय म्हणून."

मला ते उत्तर पटलं नाही. माझं म्हणणं असं की या नाटकातला वाईटपणा खरा वाटतो आणि चांगुलपणा बेतलेला. तळीराम निदान आहे तसा दिसतो, स्वतः पितो आणि त्यातच संपतो. सिंधूच्या सोसण्याने मात्र ना मूल वाचलं, ना ती, ना सुधाकर.

कारल्याचा वेल
साफ असहमत. १९१९ सालच्या बाईला आजची फूटपट्टी लावताय. त्याच घरात सुधाकरची बहीण शरद बालविधवा म्हणून वावरते. नवरा नसलेल्या बाईचं काय होतं, ते सिंधू रोज डोळ्यांनी बघत होती.

आणि सोसणं म्हणजे नुसतं रडणं नव्हे हो. माहेर चांगलं खाऊन-पिऊन सुखी असताना ही बाई लोकांची दळणं दळते. जात्याच्या खुंट्याला हात घातलाय कधी? अर्धी पायली दळून बघा, मग 'बेतलेला चांगुलपणा' म्हणा.

आडवा पडदा
दळण मान्य, पण प्रेक्षकाला ते दळण दिसतं कुठे? त्याला गाणं ऐकू येतं. गंधर्व नाटक मंडळीने नाटक आणलं तेव्हा सिंधू होते बालगंधर्व. माहेरी चल म्हटल्यावर ती 'कशी या त्यजू पदाला' म्हणते आणि राग यायचा त्या जागी आपण वन्समोअर देतो! पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्येच गेले, त्यांना प्रयोग बघायलाच मिळाला नाही. त्यांनी ही गोड सिंधू बघितली असती तर काय म्हणाले असते, देव जाणे.

मिसळ विदाउट तर्री
तळीरामाचे प्रवेश ठेवा, बाकी कापा. पाच अंक आता कोण बसतंय?

कारल्याचा वेल
@मिसळ, तुमच्यासारख्यांमुळेच ३१ डिसेंबरला 'तळीरामांवर कारवाई' असे मथळे येतात. शंभर वर्षांत त्या नावाचं सामान्यनाम झालं. सुधाकरचा सज्जन मित्र रामलालही याच नाटकातला, पण चांगल्या मित्राला 'अगदी रामलाल आहेस' म्हणालेलं कधी ऐकलंय?

उंबरठा
सहसा लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. सगळे प्याल्यावर बोलताय, मी सुधाकर दारू सोडतो त्या भागाबद्दल बोलते. तो शपथ घेतो, काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि अपमान गिळून परततो. मग पुन्हा प्याला.

माझ्या मामाने सोडली होती. अकरा महिने. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी काखेत धरून निघायचा. एका ठिकाणी साहेबाने पिशवी उघडूसुद्धा दिली नाही. नुसता जवळ वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि हसला. मामा घरी आला, शर्ट काढून घडी घातला, खुंटीला लावला नाही. एवढं मला आठवतं. त्या संध्याकाळी तो परत बसला.

त्यामुळे या नाटकातली सगळ्यात वाईट माणसं मला विचाराल तर तळीराम नाही. न पिणारी, धुतल्या कपड्यांची ती मंडळी.

आडवा पडदा
उंबरठा, तुमच्या मामाचं वाचून गप्प झालो. तरी एक मुद्दा राहतोच: हात उगारला तो सुधाकरने, साहेबाने नाही.

उंबरठा
हो. मामीच्या कपाळावरही खूण आहे. मी मामाला माफ केलंय असं कुठे म्हटलं?

जुनी वही
रामलालला कोणीच विचारेना. दारूविरुद्ध पोटतिडकीने बोलणारा हा सज्जन, शरदला मुलीसारखी सांभाळतो आणि एके दिवशी त्याचंच मन तिच्याकडे ओढलं जातं. सुधाकरचा प्याला सगळ्या गावाला दिसला, याचा फक्त त्याला एकट्याला. तो वेळेवर सावरतो, एवढाच फरक. बरेवाईट एकाच माणसात मोजून बघायचे तर गडकऱ्यांनी इथे बघितलेत. पण प्रयोगात हा भाग पहिला कापतात.

तिसरी घंटा
@जुनी वही, आम्हीही कापला होता. आज दिग्दर्शकांकडे विषय काढला, "बघू" म्हणाले. म्हणजे नाही.

@कारल्याचा वेल, दळणाचं मान्य. 'बेतलेला' शब्द मागे घेतो, बाकी मत तेच.

आजच्या तालमीत आमच्या सिंधूने ते वाक्य म्हटलं. फक्त फौजदाराकडे न बघता. मान वळवून थेट सुधाकरकडे बघत, सावकाश, एकेक शब्द. सुधाकर झालेला आमचा बँकेतला गडी पुढचं वाक्य विसरला. मीही सांगायला विसरलो.