गीलाँगचं लोकर-गोदाम: छपराच्या काचा दक्षिणेला का?

कोपरीकर
ऑस्ट्रेलियात गीलाँग बंदरात डेनिस लॅसेल्स या लोकर-दलालांचं 1872चं दगडी गोदाम आहे. व्हिक्टोरिया राज्याच्या वारसा यादीत त्याची नोंद आहे आणि 1988पासून तिथे लोकर संग्रहालय आहे. वास्तुकलेच्या अभ्यासासाठी तिथल्या लोकर-गोदामांचं मॉडेल करायचं आहे. आपल्याकडच्या गिरण्यांच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरात काच उत्तरेला असते, तिकडे दक्षिणेला. असं का? आणि मालाची ने-आण करायची तर खरेदीदारांचा मजला सगळ्यात वर कशासाठी? मॉडेलमध्ये मजल्यांचा भार किती धरावा?

येऊर पायथा
दोन्ही प्रश्नांचं उत्तर उजेडात आहे. कच्च्या लोकरीचा पिवळेपणा, तंतूची नागमोड, अडकलेला काडीकचरा हे सगळं खरेदीदार डोळ्यांनी आणि बोटांनी पारखायचे. गाठीचं गोणपाट उसवायचं, मूठभर लोकर ओढायची, उजेडाकडे धरायची. थेट ऊन पडलं की रंग फसवतो. दिवसभर सारखा, सावलीचा उजेड हवा तर तो छपरातूनच घ्यावा लागतो, म्हणून पारखीचा मजला वर. गाठी लिफ्टने चढायच्या आणि विकल्या गेल्या की घसरगुंडीवरून खाली यायच्या.

दिशेचं म्हणाल तर गीलाँग 38 अंश दक्षिणेला आहे. तिथे दुपारचा सूर्य कायम उत्तरेकडे असतो, म्हणून सावलीची बाजू दक्षिण. आपलं ठाणं 19 अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या आत. त्यामुळे साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो. म्हणून इथे उत्तरेची काचही फार आडवी ठेवून चालत नाही, जवळजवळ उभीच हवी. मॉडेलला दिवा लावून दाखवणार असाल तर हा फरक जरूर दाखवा, सुंदर दिसतो.

भिंतींचा दगड, तिकडे ज्याला ब्लूस्टोन म्हणतात, तो बसाल्टच, म्हणजे आपला काळा दगड. निळा रंग शोधत बसू नका.

नेरूळ पश्चिम
भाराबद्दल. आजची गाठ 110 ते 204 किलोंच्या दरम्यान असते. 180 किलो धरा. तळ साधारण 70 बाय 70 सेंटिमीटर, म्हणजे अर्धा चौरस मीटर. तीन गाठी एकावर एक रचल्या की 540 किलो, म्हणजे चौरस मीटरला हजार किलोंच्या वर. मधल्या वाटा वजा केल्या तरी घराच्या स्लॅबला आपण जे 200 किलो धरतो त्याच्या कितीतरी पट. म्हणून लाकडी खांब खालच्या मजल्यावर जाडजूड आणि वर जाताना बारीक. मॉडेलमध्ये सगळे खांब एकाच जाडीचे केलेत तर जाणकार लगेच पकडेल.

तळमजल्यावर दाबयंत्राची जागाही ठेवा. जहाजाचं भाडं माल किती जागा अडवतो त्यावर, म्हणून गाठ दाबून जवळपास निम्मी करायची आणि पोलादी पट्ट्यांनी आवळायची. या कामाला तिकडे ‘डंपिंग’ म्हणतात. न्हावा शेव्याच्या कंटेनरची सवय असलेल्या आपल्याला हे चटकन लक्षात येत नाही.

कोपरीकर
खांबांचं लक्षातच आलं नव्हतं, बदलतो. अशा इमारतींत आगी फार लागल्या असं वाचलं. लोकर तर सहज पेटत नाही ना?

कळवा खाडी
लोकर सहज पेटत नाही, खालची लाकडी जमीन पेटते. न धुतलेल्या लोकरीत लॅनोलिन म्हणजे मेणासारखा चिकट पदार्थ असतो, मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीत तर भरपूर. वर्षानुवर्षं गाठी घासून ते फळ्यांत मुरतं. त्यात गोणपाट, आणि मजल्यामजल्यांतून आरपार गेलेली लिफ्टची विहीर, म्हणजे धुराडंच. 1935 साली सिडनीच्या पिरमाँट भागात गोल्ड्सब्रो मॉर्टचं गोदाम असंच जळालं. ओलसर लोकर गाठीत बांधली तर ती आतून तापते, तो धोका वेगळा. शिवाय आग विझवायला मारलेलं पाणी लोकर पिते, फुगते, आणि जळून कमकुवत झालेल्या मजल्यावर भलताच भार येतो.

जुनी गोदामं नव्या वापरात घेताना हेच लॅनोलिन आडवं येतं. ते 40 अंशांच्या आसपास वितळतं. सरळ घासायचं यंत्र फिरवलं तर घर्षणाच्या उष्णतेने ते पातळ होऊन पॉलिशपेपर दहा मिनिटांत बुजतो, आणि चिकट लाकडावर पॉलियुरेथेनचं वॉर्निश धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी पत्र्याने खरवडायचं, मग क्षारयुक्त साबणाच्या गरम पाण्याने थोड्या थोड्या भागात धुऊन लगेच पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच घासायचं. पाणी साचू दिलं तर फळ्या वाकतात.

येऊर पायथा
गोदामं रिकामी का झाली तेही अहवालात घ्या. 1970च्या दशकात नमुन्यावरून विक्री सुरू झाली. गाठीत पोकळ नळी खुपसून नमुना काढायचा, प्रयोगशाळेत तंतूची जाडी, धुतल्यावर उरणारी लोकर आणि कचरा मोजायचा. सगळ्या गाठी उजेडात मांडायची गरज संपली, मग छपरातल्या काचांचं कामही संपलं. माल गावाबाहेरच्या बैठ्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला, तिथे फोर्कलिफ्ट फिरते.

आणि त्याच डेनिस लॅसेल्सची शेजारची काँक्रीटची इमारत विसरू नका. एडवर्ड जाइल्स स्टोन या अभियंत्याने 1910च्या सुमारास बांधलेली. धनुष्याकृती काँक्रीटच्या कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यांवर, म्हणजे ट्रसवर) 50 मीटरहून रुंद छप्पर, मधे एकही खांब नाही. वारसा यादीत असूनही 1990 साली ती पाडली. तिथे आता एका सरकारी विमा संस्थेचं कार्यालय उभं आहे. माझ्या मते तुमच्या मॉडेलमध्ये तीही असायला हवी, निदान पांढऱ्या पुठ्ठ्याची नुसती आकृती म्हणून. 1872ची इमारत एकटी दाखवली तर त्या धंद्याचा अर्धाच पसारा दिसतो.

कोपरीकर
ठेवतो. कैच्या 1:200ला पुठ्ठ्यातून कापता येतील का, ते आज रात्री बघतो.

नेरूळ पश्चिम
1:200ला 50 मीटर म्हणजे 25 सेंटिमीटर. दीड मिलिमीटरचा पुठ्ठा चालेल, पण कमान आणि खालची तुळई एकाच तुकड्यातून कापा. वेगवेगळ्या कापून चिकटवल्या तर मधोमध झोल पडेल.