मदत हवी आहे: चित्रकथीची पानं पाठीला पाठ कशी चिकटवू?
कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी या लोककलेत दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवतात आणि पोथीतलं एकेक पान दाखवत गोष्ट सांगतात. तशीच मी आजीची गोष्ट रंगवलीय: कुडाळ ते मुंबईचं गिरणगाव, १९८२ चा गिरणी संप, आणि शेवटच्या पानांत मी. ती पानं रंगवतानाच कळलं, मी तिच्यासारखीच हट्टी आहे.

२४ चित्रं, हातकागद, पोस्टर कलर. आधी नमुन्याच्या पानांवर करून पाहिलं. मैद्याच्या खळीने पान वाळताना द्रोणासारखं वळलं, लुगड्याचा लाल रंगही पसरला. पातळ फेव्हिकॉलने पान कडक होतं, उलटताना कडकड वाजतं. दोन दिवस वजनाखाली ठेवूनही तेच. लॅमिनेशन नको, पानं हातातच धरायचीत.

रंग न फुटता पान सपाट आणि लवचिक राहायला काय वापरू? खळच असेल, तर किती घट्ट?